काठापासून बुडापर्यंत

शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाला वर्गाच्या मधोमध ठेवलेलं ते स्टूल आठवत असेल. एलिमेंटरीला विषयाचं नाव ‘वस्तुचित्र’, इंटरमिजिएटला ‘स्थिरचित्र’. स्टुलावर कापड, कापडावर एखादी पेटी, एखादं फळ आणि बहुतेक वेळा मातीचं एक भांडं. ज्यातलं पाणी रोज प्यायचं, त्याच भांड्याकडे दोन तास नुसतं पाहत बसायचं, हा अनुभव कितीतरी मराठी मुलांना पहिल्यांदा तिथंच येतो. मलाही तिथंच आला, आणि जलरंगात मातीची भांडी रंगवण्याची ओढ तेव्हापासून लागली ती आजवर सुटली नाही. रंगवताना एक गोष्ट नेहमी जाणवते. भांड्याच्या ज्या भागाशी कुंचला अडतो त्या भागासाठी मराठीत आधीच एक नेमका शब्द असतो, आणि त्या शब्दाचं मूळ शोधलं की तिथं काय पाहायचं तेही उमगतं. आपण कागद ओला करण्याच्या कितीतरी शतकं आधी भाषेनं ते भांडं नीट पाहून ठेवलेलं आहे. म्हणून ही चर्चा चित्राच्या क्रमानंच करतो, वरून खाली.

त्याआधी नावांबद्दल. ‘मडकं’ हा आज सगळ्या मातीच्या भांड्यांना लावला जाणारा शब्द कानडीतल्या ‘मडके’शी सख्ख्या नात्यानं बांधलेला आहे, कानडीतही अर्थ तोच. मराठवाडा आणि कर्नाटक यांची शीव लागून आहे, तेव्हा असे घरगुती शब्द दोन्हीकडे नांदावेत हे साहजिक. पण चित्र काढणाऱ्याला ‘मडकं’ या एका शब्दानं काहीच सांगितलं जात नाही. रांजण म्हटलं की उंची कळते आणि तो अर्धा जमिनीत पुरलेला असू शकतो हेही कळतं. डेरा म्हटलं की रवी फिरेल एवढं रुंद पोट डोळ्यांसमोर येतं. सुरई म्हटलं की मान लांब, बोळकं म्हटलं की सगळं मुठीत मावणारं, वेळणी म्हटलं की पसरट आणि झाकण म्हणूनही चालणारं. गाडगं म्हटलं की साधं, ओबडधोबड. डेबूजी झिंगराजी जानोरकर या माणसाच्या हातात ते कायम असे म्हणून लोकांनी त्यांना गाडगेबाबा केलं. प्रत्येक नाव म्हणजे एक प्रमाण आहे. उंचीला रुंदी किती, पोटाला तोंड किती, हे नावातच ठरलेलं. ही नावं वापरातून गेली की नजरही ढोबळ होते, असं मला अगदी मनापासून वाटतं.

यातल्या ‘रांजणा’ची वंशावळ मोठी आहे. अमरकोशात मोठ्या जलपात्राला ‘अलिंजर’ म्हटलं आहे, पालीत ‘अरंजर’ असं रूप आहे, आणि सुरुवातीचा अ गळून, मागची अक्षरं घासून आपल्याकडे ‘रांजण’ झाला. या शब्दाचं सर्वांत प्रसिद्ध घर आमच्या जिल्ह्यात आहे. पैठणला एकनाथांच्या वाड्यात श्रीखंड्या नावाच्या पोऱ्यानं कावडीनं पाणी आणून रांजण भरला आणि तो श्रीखंड्या म्हणजे प्रत्यक्ष कृष्ण होता, ही कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. नाथषष्ठीच्या दिवसांत तो रांजण आजही विधिपूर्वक भरला जातो. कुकडी नदीच्या पात्रात निघोजजवळ पाण्यानं खडकात कोरलेले खोल गोल खड्डे आहेत, त्यांना लोकांनी ‘रांजणखळगे’ म्हटलं. आणि पापणीवर येणाऱ्या पुळीला ‘रांजणवाडी’. एवढ्या मोठ्या भांड्याचं नाव एवढ्याशा पुळीला कसं मिळालं, तर फुगवटा पाहून. लोकांची नजर आकार बघते, माप बघत नाही. चित्रकारालाही पहिली शिकवण हीच मिळते.

आता काठ.

मातीच्या भांड्याचं तोंड गोल असतं हे आपल्याला ठाऊक असतं, आणि तेच चित्रात आड येतं. डोळा भांड्याच्या वर असेल तर दिसतो तो लंबगोल, आणि डोळा जितका खाली येईल तितका तो चपटा होत जातो. शिवाय काठाला जाडी असते. आतली आणि बाहेरची अशा दोन कडा, आणि त्या दोहोंमध्ये उजेड धरून ठेवणारी एक अरुंद पट्टी. नवशिका ती पट्टी विसरतो आणि भांडं कागदाचं कापल्यासारखं दिसतं. जुन्या लिखाणात हा शब्द ‘कांठ’ असा अनुस्वारासह लिहिलेला सापडतो, आणि तो अनुस्वारच मूळ सांगतो: संस्कृत ‘कंठ’. कंठ म्हणजे गळा, आणि त्यातून कड, जवळची जागा. नदीचा काठ, साडीचा काठ, घागरीचा काठ हे सगळे मूळचे कंठच. ज्या पैठणात रांजण भरतो त्याच पैठणात विणल्या जाणाऱ्या पैठणीची ओळख काठ-पदरानं होते. आणि ज्या महाराष्ट्री प्राकृतातून असे शेकडो शब्द झिजत आपल्यापर्यंत आले, त्या प्राकृतातली ‘गाथासप्तशती’ सातवाहन राजा हालाच्या नावावर आहे. सातवाहनांची राजधानी पुन्हा तेच प्रतिष्ठान. संभाजीनगरापासून पन्नासेक किलोमीटरवरचं एक गाव एका शब्दाला तीन बाजूंनी येऊन भिडतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

काठाखाली गळा. इथं सावली दाटते, कारण वरून काठाचा आडोसा आणि खालून खांद्याचा चढ. रंग ओला असतानाच दुसरा गडद हात इथं सोडायचा आणि तो आपसूक खाली उतरू द्यायचा. या गळ्यातून पाणी ओतलं जातं तेव्हा जो आवाज येतो त्यानं एका भांड्याला नाव दिलं आहे. ‘घागर’ संस्कृत ‘गर्गरी’वरून आली, आणि ‘गर्गर’ हा ऋग्वेदात एका वाद्याचा शब्द आहे. ध्वनी आधी, भांडं नंतर. आश्विनातल्या अष्टमीला महालक्ष्मीसमोर कोकणस्थांच्या घरी बायका घागरी फुंकतात, तेव्हा घागर पुन्हा वाद्य होते. व्युत्पत्ती न शिकताही लोकांनी शब्दाचं मूळ प्रथेत सांभाळलं आहे.

लांब गळ्याची भांडी मात्र वेगळ्या वाटेनं आली. ‘सुरई’ म्हणजे अरबी-फारसीतली ‘सुराही’, ‘कुजा’ म्हणजे फारसी ‘कूजा’. मलिक अंबरानं वसवलेल्या खडकीत, पुढं औरंगजेबाच्या औरंगाबादेत आणि नंतर निजामाच्या राज्यात ही फारसी घराघरांत पोचली आणि कुंभाराच्या दुकानात सुरई माठाशेजारी बसली. आज संभाजीनगर म्हणवणाऱ्या याच शहरात, गुलमंडीच्या परिसरात, आजही कुंभारवाडा आणि रंगारगल्ली ही नावं नांदतात. कुंभारवाड्यात आता कापडाची दुकानं आहेत, पण नाव कुंभारांचं. ‘कुंभकार’ या शब्दातला क प्राकृतात गळाला, ‘कुंभआर’ झाला आणि मराठीनं तो ‘कुंभार’ म्हणून ठेवून घेतला. मलिक अंबरावरून आठवलं, जलरंगाच्या पेटीतही ‘अंबर’ नावाचा एक गडद मातकट रंग असतो. ते नाव इटलीतून आलं. मलिक अंबराचं नाव सुगंधी द्रव्यासाठीच्या अरबी शब्दावरून आलं. आणि आकाशाला अंबर म्हणणारा शब्द संस्कृत. तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही. शब्दचर्चेत उच्चाराच्या सारखेपणावर विसंबू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

खांदा हा उजेडाचा भाग. खिडकीचा प्रकाश भांड्यावर प्रथम टेकतो तो खांद्यावर, आणि जलरंगात तिथं काहीही लावायचं नसतं. पांढरा रंग वर चढवून उजेड आणता येत नाही. कागद कोरा सोडावा लागतो. ‘कोरा’ हे विशेषण मला या कामात फार मोलाचं वाटतं. कोरा कागद आणि कोरं मडकं. दोन्ही पाण्याची वाट पाहणारी, दोन्ही पहिलं पाणी पिऊन टाकणारी. कोऱ्या माठावर पहिल्यांदा पाणी पडलं की आतल्या आत बारीक चरचर ऐकू येते आणि मातीचा वास सुटतो. हातकागदावर पहिला ओला हात दिला की तोही असाच दिसता दिसता आत जातो.

हातकागदाचं गावही इथलंच. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. तुघलकानं चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला हलवली तेव्हापासून इथं हातकागद बनत आल्याचं सांगतात, आणि मराठेशाहीच्या दफ्तरांत ‘दौलताबादी’ हे कागदाच्या एका जातीचं नाव होतं. त्या कागदाला खळ लावून तो दगडानं घोटत, म्हणजे बोरू अडखळत नसे. जलरंगाला मात्र इतका गुळगुळीत पृष्ठभाग नको असतो, थोडा खडबडीतपणा लागतो. मातीच्या भांड्याची कांती त्या खडबडीवरच उतरते. गावाच्या नावात ‘कागजी’ आहे आणि मराठीत शब्द ‘कागद’ आहे, याचं कारण फारसीतच ‘कागज’ आणि ‘कागद’ अशी दोन्ही रूपं होती. हिंदीनं एक उचललं, मराठीनं दुसरं.

खांद्यावरून कुंचला पोटावर येतो, आणि रंगाचा प्रश्न उभा राहतो. मातीच्या भांड्याचा रंग कोणता? पटकन ‘तपकिरी’ म्हटलं जातं. हा शब्द तपकिरीवरून, म्हणजे नाकात ओढायच्या तंबाखूच्या पुडीवरून आला. तंबाखू भारतात पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आला, तेव्हा रंगाचं हे नाव फार जुनं असणं शक्य नाही. त्याआधीची माणसं पिंगट म्हणत, मातकट म्हणत, विटकरी म्हणत, तांबूस म्हणत. माठासमोर बसलं की कळतं, तपकिरी त्यात जवळजवळ नसतोच. उजेडाच्या बाजूला नारिंगीकडे झुकणारा विटकरी, वळणावर तांबडा, सावलीत जांभळट, आणि अगदी कडेला, जिथं खालच्या कापडाचा उजेड उलटून येतो तिथं पुन्हा उबदार. ‘मातकट’ हा शब्द या सगळ्याला जागा देतो. ‘तपकिरी’ सगळं एकाच डबीत बंद करतो.

या तांबड्याचं कारण लोखंड. मातीतलं लोह आव्यात भरपूर हवा मिळाली की तांबडं होतं; हवा कोंडून धूर दिला की तेच भांडं काळं निघतं. लाल माठ आणि संक्रांतीची काळी सुगडं एकाच ढिगाऱ्यातल्या मातीची असू शकतात. (‘आवा’, म्हणजे कुंभाराची भट्टी, हा संस्कृत ‘आपाक’चा वंशज; ‘सुगड’ म्हणजे ‘सुघट’, चांगला घडलेला घट.) कुंभार भाजण्याआधी भांड्यावर गेरूचा हात देतो. ‘गेरू’ हा ‘गैरिक’, म्हणजे गिरीतून, डोंगरातून आलेला. आणि रंगपेटीतला बर्न्ट सिएना म्हणजे तरी काय? इटलीतल्या सिएना गावाच्या नावानं ओळखली जाणारी पिवळट, लोहयुक्त माती भाजली की तांबडी होते, तोच हा रंग. जे आव्यात भांड्याचं होतं, तेच रंग करणाऱ्याच्या भट्टीत रंगाचं झालं आहे. माठ रंगवताना मी मातीचं चित्र भाजलेल्या मातीनंच काढत असतो, आणि दोन्हींत मध्यस्थ पाणी.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी हे पंधराशे वर्षांपूर्वी केलं. भिंतीला मातीचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा आणि गवताचे तंतू. कुंभारही मातीत लीद, राख, भुसा कालवतो तो तडे जाऊ नयेत म्हणूनच. त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. सतराव्या लेण्यात यशोधरा आणि राहुल यांच्यासमोर उभा असलेला बुद्ध आहे. तो त्या दोघांपेक्षा कितीतरी मोठा काढला आहे, आणि एवढ्या विराट आकृतीच्या हातात आहे एक साधं भिक्षापात्र. भिक्षूनं पात्र मातीचं किंवा लोखंडाचं वापरावं, सोन्याचांदीचं नाही, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम. ‘पात्र’ हा शब्द ‘पा’ म्हणजे पिणे या धातूवरून बनला. ज्यानं प्यायचं ते पात्र. पुढं जे काही धारण करू शकतं ते सगळंच पात्र झालं: नदीचं पात्र, नाटकातलं पात्र, दानाला पात्र असलेला माणूस. चित्रातला राहुल वारसा मागायला आला आहे आणि बापाच्या हातात पात्र आहे. हा शब्द ठाऊक असलेल्या माणसाला ते चित्र अधिक खोल दिसतं, याबद्दल मला शंका नाही.

पाण्यानं भरलेला माठ रंगवायला घेतला तर पोटाचे दोन भाग दिसतात. पाण्याच्या पातळीपर्यंतचा भाग गडद, त्यावरचा फिकट. बाहेर झिरपणारं पाणी उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं, हे शाळेत शिकतो. पण ती सीमारेषा रंगवायला बसल्यावर समजतं की ती रेषा नाहीच, पाझर आहे. ‘पाझरणे’ हे क्रियापद प्राकृतातल्या ‘पज्झर’वरून आलं. प्राकृतचा व्याकरणकार हेमचंद्र यानं आपल्या व्याकरणात ‘क्षर्’ धातूच्या जागी येणाऱ्या प्राकृत रूपांत ते नोंदलं आहे. ‘ओल’सुद्धा त्याच व्याकरणात भेटते: ‘आर्द्र’चं प्राकृतात ‘ओल्ल’. ओल्या कागदावर ओला रंग सोडला की तो पाझरतो, असं जलरंगवाले म्हणतात, आणि माठाची ती कडा तशीच, पाझरूनच, आणावी लागते. कोरड्यावर ओढून आणता येत नाही. आमच्याकडे पाणी जड, त्यामुळे जुन्या माठावर क्षारांचे पांढुरके ओघळ उमटलेले असतात. त्यांच्यासाठीही कागद राखून ठेवावा लागतो.

पोटावर जवळून पाहिलं तर थापटण्याच्या खुणा दिसतात, एकाआड एक चपटे ठसे. चाकावरून उतरलेलं भांडं जाड असतं. आतून गोळ्याचा आधार देत बाहेरून थापटण्यानं ठोकत कुंभार त्याला पातळ आणि गोल करतो. मराठीतलं सर्वांत प्रसिद्ध थापटणं तेरच्या गोरोबाकाकांचं. संतांच्या मेळ्यात त्यांनी ते प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेवाला कच्चं मडकं ठरवलं, अशी कथा आहे. ‘कच्चं मडकं’ हा शब्दप्रयोग तिथून घरोघरी गेला. भाजलेलं खणखण वाजतं, कच्चं बद्द वाजतं. माठ विकत घेताना आजही बोटानं वाजवून पाहतात ते याचसाठी. चित्रात आवाज काढता येत नाही, पण कच्च्या आणि भाजलेल्या भांड्याचा उजेड वेगळा असतो. कच्च्यावर तो पसरतो, भाजलेल्यावर थोडा एकवटतो.

एवढं सगळं बाहेरचं. आत काय? आत अंधार, आणि त्या पोकळीला मराठीनं सर्वांत जास्त शब्द दिले आहेत. ‘घट’ हा ‘घट्’ धातूचा. जुळणे, आकाराला येणे, होणे. त्यावरून घडणे, घडवणे, घडण, घटना, घटक. मराठीत काहीही घडतं तेव्हा त्या शब्दाच्या बुडाशी हाच धातू असतो. लहान घट ती घटिका: बारीक छिद्राची वाटी पाण्यावर सोडत, ती भरून बुडाली की एक घटका, आजच्या हिशेबानं 24 मिनिटं, आणि दिवसरात्रीच्या अशा 60. ‘घटका भरली’ हे आपण मरणाबद्दल म्हणतो तेव्हा ती वाटी बुडत असते. ‘घड्याळा’तही तीच ‘घटी’ आहे. न्यायशास्त्रानं तर घटाला कायमचं उदाहरणच करून टाकलं. घट आणि पट, मडकं आणि कापड. त्या वादांना कंटाळलेल्या लोकांनी ‘घटपटाची खटपट’ असा शब्द काढला. वस्तुचित्राच्या स्टुलावर नेमके हेच दोघे असतात, कापड आणि त्यावर घट. वेदान्त्यांचं ‘घटाकाश’ म्हणजे घटातली पोकळी. भांडं फुटलं तरी तिचं काही बिघडत नाही. रंगवताना तोंडातून दिसणारी ती पोकळी सपाट काळी केली की चित्र मरतं. आतल्या भिंतीवर मागच्या काठाखाली उजेडाची हलकी चाहूल असते, ती असू द्यावी लागते.

फुटण्याचे शब्द मात्र कठोर आहेत. ‘घटस्फोट’ आज विवाहविच्छेदाला म्हणतात, पण धर्मशास्त्रात तो जातिबहिष्काराचा विधी होता: पतिताला मेला असं समजून त्याच्या नावानं पाण्याचा घडा दासीकरवी लाथेनं लवंडायचा. जिवंत माणसाला मेलेल्यांत काढण्यासाठी मातीच्या भांड्याचा असा वापर झाला, हे विसरू नये. ‘खापर’ हा संस्कृत ‘कर्पर’वरून आलेला, फुटक्या भांड्याचा तुकडा. दोष दुसऱ्याच्या माथी मारायचा तर खापर फोडायचं, आणि पणजोबाच्याही पलीकडचा पूर्वज खापरपणजोबा. पण त्याच खापराचं खानदेशाकडे आणि आमच्या सोयगाव-कन्नडच्या बाजूला चुलीवर पालथं ठेवलेलं भांडं होतं, आणि त्यावर मांडे भाजले जातात.

शेवटी बूड. संस्कृत ‘बुध्न’, म्हणजे तळ, ‘बुंधा’ही त्याचाच. इंग्रजीतला ‘बॉटम’ आणि लॅटिनमधला ‘फुंडुस’ या शब्दाचे दूरचे भाऊबंद आहेत, इतका तो जुना. माठाचं बूड गोल असतं, त्यामुळे तो तिवईवर किंवा वाळूत बसवावा लागतो, आणि चित्रात त्याची खालची कड काठापेक्षा अधिक गोलाई घेते, कारण डोळ्यापासून ती अधिक खाली आहे. चुलीवरचं भांडं असेल तर इथं काजळी, पाण्याचं असेल तर शेवाळाची हिरवट झाक. बुडाला लागून जमिनीवर पडछाया. हा शब्द ‘प्रतिच्छाया’चा, जिथं संस्कृतात ‘प्रति’ तिथं मराठीत पुष्कळदा ‘पड’, जसा पडसाद, जशी पडजीभ. ‘प्रति’ म्हणजे उलट, परत. पडछाया भांड्याला उत्तर देते: ती नुसती करडी नसते, बुडाजवळ तिच्यात माठाचा विटकरी उतरलेला असतो, आणि दूर जाताना ती फिकी, निळसर होत जाते. म्हणून मी ती सगळ्यात शेवटी, माठाचाच उरलेला रंग पाण्यानं पातळ करून, त्यात थोडा निळा घालून काढतो.